विमानाचे अंतर आणि घड्याळाचा हिशेब

वेग, वेळ व अंतर यांची उदाहरणे शिकविताना सुटण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा करावयाची, हा वर्गातील परिपाठ होय. आगगाडीच्या उदाहरणात तो बिनचूक ठरतो. दूरच्या विमानप्रवासास मात्र लागू पडत नाही. सिंगापूरचे चांगी व न्यूयॉर्कचे केनेडी या विमानतळांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. या दोहोंमध्ये, वाटेत कोठेही न थांबणारी विमानसेवा नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली.

प्रथम अंतर पाहू. सिंगापूर सुमारे १° उत्तर अक्षांशावर व १०४° पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्क सुमारे ४१° उत्तर व ७४° पश्चिम येथे आहे. दोन्ही रेखांशांची बेरीज १७८° होते. म्हणजे ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंस आहेत. सबब सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाजवळून जाते. सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत ८९° व तेथून न्यूयॉर्कपर्यंत ४९°, एकूण १३८°. एका अंशास सुमारे १११ किलोमीटर धरल्यास अंतर १५,३०० किलोमीटरांच्या आसपास येते. भिंतीवरील सपाट नकाशावर हे उमगत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, की मुलांना ते आपोआप दिसते.

आता वेळ. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर कापण्यास १७ तास लागावेत. प्रत्यक्षात सुमारे १८ ते १९ तास लागतात; कारण चढताना व उतरताना वेग कमी असतो, आणि वाटही नेहमी सर्वांत आखूड नसते. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यांचा लाभ घेण्यासाठी सिंगापूरहून निघालेले विमान पुष्कळदा पॅसिफिक महासागरावरून लांबच्या वाटेने नेले जाते.

समजा, विमान सोमवारी रात्री १२ वाजता, म्हणजे मंगळवार सुरू होताना, सिंगापूरहून निघाले व प्रवासास साडेअठरा तास लागले. पोहोचताना सिंगापुरात मंगळवारची सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतील. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ १३ तास मागे असते. म्हणून तेथे पहाटेचे साडेपाच वाजलेले दिसतील. नुसती वजाबाकी करणाऱ्यास प्रवास साडेपाच तासांचाच वाटेल! परतीस तितकाच वेळ लागला, तर तीच वजाबाकी साडेएकतीस तास दाखवील. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक १२ तासांचा होतो.

‘साडेपाच तास’ असे उत्तर देणाऱ्या मुलाची वजाबाकी चुकलेली नसते. दोन घड्याळे दोन ठिकाणची आहेत, एवढेच त्याच्या ध्यानी आलेले नसते. शिक्षकांनी अशा उत्तरावर केवळ फुली मारू नये. ‘हे घड्याळ कोणत्या गावचे?’ असा प्रश्न विचारावा आणि दोन्ही वेळा एकाच गावच्या घड्याळात मांडून मगच वजाबाकी करवून घ्यावी. परदेशी असलेल्या आप्तांशी दूरध्वनीवर बोलताना तिकडे रात्र असल्याचे ज्या मुलांनी अनुभविले आहे, त्यांचा अनुभव या पाठात आवर्जून उपयोगी आणावा.