द्राक्षबागेची भेट आणि टिकणारा ग्राहक : गैरसमज व वस्तुस्थिती

नागपूरच्या विमानतळाला लागून वसलेल्या मिहान प्रकल्पाजवळ, शिवमडका येथे, ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा प्रारंभ होतो. हा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी शिर्डीपर्यंत, ४ मार्च २०२४ रोजी इगतपुरीपर्यंत आणि ५ जून २०२५ रोजी ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंत खुला झाला, आणि त्यामुळे नाशिक-इगतपुरी परिसरातील वाइनरी, म्हणजे द्राक्षांपासून वाइन तयार करणारे कारखाने, नागपूरकरांच्या एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आले. याच मिहानमध्ये ९ मार्च २०२५ रोजी पतंजलीच्या अन्नप्रक्रिया उद्यानाचे उद्घाटन झाले आणि केवळ फळ विकायचे की फळापासून केलेला पदार्थ स्वतःच्या नावासह विकायचा, हा प्रश्न विदर्भातील संत्रा उत्पादकांपुढेही नव्याने उभा राहिला. एकदा बागेत येऊन चव घेतलेला पाहुणा पुढे वर्षानुवर्षे तेच नाव का मागतो, हे नाशिककडून शिकण्यासारखे आहे. मात्र त्याबाबत जे समज रूढ आहेत त्यांतील बरेचसे तपासल्यावर टिकत नाहीत.

वाइनरीची भेट म्हणजे मूळ धंद्याला जोडलेली करमणूक होय, हा त्यांतील सर्वांत पसरलेला समज. प्रत्यक्षात ती भेट धंद्याच्या गाभ्याशी असते, आणि भारतात तर इतर देशांपेक्षा अधिकच. केबल दूरचित्रवाणी जाळे नियम, १९९४ यांनुसार मद्याची प्रत्यक्ष किंवा आडून केलेली जाहिरात दूरचित्रवाणीवर दाखवता येत नाही, त्यामुळे उत्पादकाला आपल्या वस्तूविषयी सविस्तर बोलण्याच्या ज्या मोजक्या जागा उरतात, त्यांपैकी त्याचे स्वतःचे आवार ही एक आहे. शिवाय येथील पाहुणा बहुधा वाइनशी नव्यानेच ओळख करून घेणारा असतो. फ्रान्समधल्या पाहुण्याला घरच्या जेवणाच्या टेबलावर जे आयते मिळालेले असते, ते येथे पहिल्या पेल्यापासून समजावून द्यावे लागते.

पाहुण्यांच्या भेटीला धंद्यात असे स्थान देण्याची रीत इतरत्रही फार जुनी नाही. रॉबर्ट मोंडावी यांनी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकव्हिल येथे वाइनरी उभारली ती पाहुणे येणार हे गृहीत धरूनच. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश भागातील उत्पादकांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन बागांना जोडणारा ‘वाइन मार्ग’ आखला. महाराष्ट्रात राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळच्या कौटुंबिक जमिनीवर सुला ही वाइनरी सुरू केली, तिला आई सुलभा यांच्या नावावरून नाव दिले आणि २००५ मध्ये तेथे टेस्टिंग रूम उघडली. देशातील पहिली समजली जाणारी ही खोली, म्हणजे निरनिराळ्या वाइन थोड्या थोड्या प्रमाणात, क्रमाने व माहितीसह चाखायला देण्याची जागा, पुढे नाशिकच्या पर्यटनाचे एक ठिकाणच झाली. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क आखली होती. धोरणामुळे वाइनरी वाढल्या, परंतु वाइन मागणारा माणूस घडवण्याचे काम बऱ्याच अंशी अशा खोल्यांनी केले.

आवार जितके देखणे, इमारत जितकी भव्य, तितका ग्राहक पक्का, असे मानून नवे उत्पादक पैसा दगडमातीत घालतात. न्यूयॉर्क राज्यातील टेस्टिंग रूमचा अभ्यास करताना कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘समाधानी’ आणि ‘अत्यंत समाधानी’ अशा दोन गटांची तुलना केली, तेव्हा दुसऱ्या गटातील पाहुण्यांनी सरासरी सुमारे १० डॉलर अधिक खर्च केले व जवळजवळ एक बाटली अधिक घेतली असे दिसले. नुसते समाधान पुरेसे नसते, हा या निष्कर्षाचा महत्त्वाचा भाग आहे, कारण ज्याची काही तक्रार नाही असा पाहुणा आणि जो पुन्हा येईल असा पाहुणा ही दोन वेगळी माणसे असतात. त्यांना वेगळे करणाऱ्या गोष्टींत वातावरणाचा वाटा नक्कीच असतो, परंतु पेला भरणाऱ्या व्यक्तीने दिलेला वेळ, प्रश्नाला दिलेले सरळ उत्तर आणि चाखण्याचा नीट लावलेला क्रम यांचे वजनही मोठे असते. ज्या वाइनरीत इमारतीवर कोटी खर्च होतात आणि पाहुण्याशी बोलणारा तरुण मात्र हंगामापुरता, प्रशिक्षणाशिवाय उभा केला जातो, तेथे खर्चाचा क्रमच उलटा लागलेला असतो.

चव फुकट द्यावी की शुल्क घ्यावे, यावर दोन्ही बाजूंनी ठाम मते आढळतात. टेक्सासमध्ये कोलेस्निकोव्हा आणि डॉड या संशोधकांनी याचा माग घेतला असता, ज्यांना चव विनामूल्य मिळाली त्यांच्यात कृतज्ञतेची आणि काहीतरी घेतलेच पाहिजे या बांधिलकीची भावना अधिक होती व त्यांनी खरेदीही अधिक केली. लहान गटात आलेल्यांमध्ये ही भावना मोठ्या गटांपेक्षा तीव्र होती. यावरून फुकट चव हाच निष्ठेचा मार्ग, असा अर्थ काढला जातो, पण तो घाईचा आहे. पाहुणचाराची परतफेड म्हणून घेतलेली बाटली त्या दिवसाचा हिशेब मिटवते. भीड संपली की ग्राहकही संपतो. दुसरी बाटली, जी सहा महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या दुकानात, कोणीही पाहत नसताना मागितली जाते, तीच निष्ठेची खरी खूण आहे, आणि तिच्यामागे उपकाराची जाणीव नसून ओळख असते. म्हणून शुल्क किती यापेक्षा गट किती लहान ठेवला, हा प्रश्न उत्पादकाला अधिक उपयोगी पडावा.

ओळख म्हणजे नेमके काय, येथे आणखी एक समज आड येतो. भारी शब्दांत वर्णन केले की पाहुणा प्रभावित होतो, असे धरून नाशिकच्या खोलीत ‘ब्लॅककरंट’, ‘गूसबेरी’, ‘सीडर’ अशा फळाझाडांची नावे घेतली जातात, जी बहुतेक मराठी माणसांनी कधी हाताळलेलीही नसतात. कॉर्नेलच्याच एका प्रयोगात चवीचे वर्णन छापलेले पत्रक दिल्यावर विक्री वाढण्याऐवजी घटली. पत्रकातली चव जिभेवर सापडली नाही की पाहुणा पत्रकाला दोष न देता स्वतःलाच दोष देतो, ‘हे आपल्याला कळणारे नाही’ असे ठरवून मोकळा होतो, आणि येथे एक ग्राहक कायमचा निसटतो.

वास्तविक मराठीत चवीचे शब्द कमी नाहीत. वाइनमधील टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारे द्रव्य, तोंडाला जी कोरड आणते तिला मराठीत तुरटपणा म्हणतात. जांभूळ, कच्चे केळ, आवळा आणि सुपारी यांनी तो प्रत्येकाला लहानपणीच शिकवलेला असतो. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळ्या मिरचीसारखा जो हिरवा वास येतो, तो पायराझिन नावाच्या संयुगांचा असतो आणि ढोबळ्या मिरचीतही तीच संयुगे असतात, त्यामुळे ‘चिरलेल्या मिरचीचा वास आठवा’ एवढे सांगितले तरी पाहुण्याला तो पेल्यात सापडतो. शेनिन ब्लां या दुसऱ्या पांढऱ्या वाइनच्या आंबटगोड चवीला पिकत आलेल्या कैरीचा किंवा पेरूचा आधार देता येतो. स्वतःच्या जिभेवर स्वतःच्या भाषेतला शब्द सापडण्याचा जो आनंद असतो, तो पाहुणा विसरत नाही, आणि ज्या नावाच्या पेल्यात तो सापडला ते नावही विसरत नाही. संपूर्ण भेटीतून एकच गोष्ट निवडायची झाली तर ती ही निवडावी.

स्मरणाविषयीचा समजही दुरुस्त करण्याजोगा आहे. भेटीतील सगळ्या गोष्टींची बेरीज मनात राहते असे वाटते, पण मन बेरीज करत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि त्यापुढे आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी जेमतेम एका अंशाने कोमट होत गेले. यांतला कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारल्यावर बहुसंख्यांनी लांबलेला अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. अनुभवाचा सर्वांत तीव्र क्षण आणि त्याचा शेवट हेच मुख्यतः लक्षात राहतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. वाइनरीच्या भेटीचा शेवट मात्र बहुधा बिलाच्या रांगेत आणि वाहनतळावरच्या खोळंब्यात होतो. मागच्या टाक्यांची माहिती दहा मिनिटे कमी करून तो वेळ निरोपाला दिला, तर आठवण बदलते.

यानंतर येतो तो उसना घेतलेला समज. अमेरिकेतील वाइनरी पाहुण्याला ‘वाइन क्लब’चा सभासद करून घेतात, म्हणजे वर्षातून ठरावीक वेळा बाटल्या थेट त्याच्या घरी पाठवतात, आणि हाच नमुना येथे आणावा असे सुचवले जाते. भारतात मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय असल्याने प्रत्येक राज्याचे कर, परवाने आणि निर्बंध वेगळे आहेत व राज्याच्या सीमेपलीकडे ग्राहकाच्या दारात बाटली पाठवणे तसे सोपे नाही. महाराष्ट्राच्या आतही चित्र एकसारखे नाही. मिहानहून निघालेला महामार्ग लगेच ज्या वर्धा जिल्ह्यात शिरतो तेथे दारूबंदी आहे, गडचिरोलीतही आहे, आणि चंद्रपूरमध्ये ती २०१५ ते २०२१ या काळात होती. सुपरमार्केट व मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा जो निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तोही तीव्र विरोधामुळे अमलात आला नाही. तेव्हा नागपूरच्या पाहुण्याची निष्ठा अखेर नागपूरच्या परवानाधारक दुकानाच्या काउंटरवरच सिद्ध होते.

या काउंटरवर वाइनला जो शत्रू भेटतो त्याचा विचार नाशिकमध्ये फारसा होत नाही. तो म्हणजे विदर्भातला उन्हाळा. वाइन साधारणपणे १२ ते १५ अंशांवर, अंधारात ठेवावी असा संकेत आहे, आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. थंडाव्याची सोय नसलेल्या दुकानाच्या फळीवर, किंवा उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत, वाइन अक्षरशः शिजते. तिचा फळाचा गंध मावळतो आणि शिजवलेल्या मुरंब्यासारखी चव उरते. टेस्टिंग रूममध्ये तीच वाइन ८ ते १० अंशांवर, स्वच्छ पेल्यात, धरणाकडे बघत प्यायलेल्या माणसाला घरी ती वेगळी लागते तेव्हा त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते. बाटली कशी न्यावी, कुठे ठेवावी, किती थंड करावी आणि उघडल्यावर किती दिवसांत संपवावी, हे निरोपाच्या वेळी सांगणाऱ्या वाइनरीने आपली दुसरी विक्री तेथेच राखलेली असते.

भेट वर्षभरात केव्हाही घेतली तरी सारखीच, हेही खरे नाही. नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळासाठी गोडी छाटणी होते, व वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. जुलैत आलेल्या पाहुण्याला हिरवी पाने दिसतात, घड दिसत नाहीत. वाइनचे द्राक्ष बारीक मण्याचे, जाड सालीचे व बियांचे असते, हे फेब्रुवारीत मणी तोंडात टाकल्यावर एका क्षणात कळते. खाण्याच्या थॉमसन सीडलेसशी त्याची गल्लत मग कधीही होत नाही.

निष्ठावान ग्राहक म्हणजे अधिक पिणारा ग्राहक, हा समज मात्र केवळ चुकीचा नाही, घातकही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे लाल वाइन हृदयाला हितकारक असल्याचा दावा टेस्टिंग रूममध्ये करणे योग्य नव्हे, आणि पेल्यातील उरलेली वाइन ओतून टाकण्यासाठी भांडे समोर ठेवणे, चालकाला चव न देणे, हे पाहुणचारातच धरायला हवे.

विदर्भाच्या संत्र्याला मद्याचे हे कोणतेही ओझे नाही. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या नागपुरी संत्र्याच्या मृग बहाराची काढणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे नाशिकची द्राक्षे खुडली जात असतानाच, येते. या संत्र्याचा रस ताजा असताना गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होत जातो, कारण फोडींच्या पडद्यांत व बियांत असलेले, स्वतः कडू नसलेले द्रव्य रसाच्या आम्लात हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतरित होते. काटोल, नरखेड किंवा वरुडच्या बागेत सकाळी काढलेला रस आणि तोच रस दुपारी, असे दोन पेले पाहुण्यापुढे ठेवले, आणि तिसरा पेला कडवटपणा काढून टाकलेल्या प्रक्रियायुक्त रसाचा ठेवला, तर मिहानमधल्या कारखान्याच्या भिंतींआड नेमके काय घडते ते त्याला स्वतःच्या जिभेवर कळेल.