पोटातले पाणी आणि कॅन्सरचा आकडा

गेल्या वर्षी ताडीवाला रोडवरील एका घरून आम्हाला रात्री निरोप आला. घरातील ताई चाळिशीच्या, धुणीभांडी करून तीन मुले वाढविलेल्या. दोन महिन्यांत पोट घागरीसारखे फुगलेले, हातपाय मात्र काड्या. त्यांच्या मालकांनी खासगी लॅबचा कागद पुढे केला. सीए-१२५ चारशेच्या वर, आणि शेजारी ३५ पर्यंत ठीक असे छापलेले. "दादा, कॅन्सर आहे म्हणतात. गावी नेतो आता," एवढेच ते बोलले.

आम्ही कारकून माणसे, डॉक्टर नव्हे. पण कागद वाचण्याची सवय आहे, आणि त्या कागदावर कॅन्सर हा शब्द कोठेच नव्हता.

पोटात पाणी होणे म्हणजे जलोदर. तो स्वतः रोग नव्हे, रोगाची खूण आहे. यकृत खराब झाले, हृदय थकले, पोटाच्या अस्तराला टीबी झाला किंवा कॅन्सर पसरला तरी पाणी होते. (दारूला न शिवणाऱ्यालाही होते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.) म्हणून सुईने थोडे पाणी काढून तपासतात.

कॅन्सरच्या पेशी काही पदार्थ बनवितात, त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. १९६५ साली कॅनडात गोल्ड आणि फ्रीडमन या संशोधकांना आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए सापडले. ते रक्तात मोजतात तसे पोटातल्या पाण्यातही मोजता येते. पाण्यात ते बरेच वाढले असेल तर जठर, आतडे, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरचा संशय बळावतो. मग पाण्यात कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत तरी डॉक्टर शोध सोडत नाहीत. मात्र सीईए कमी आले म्हणून निर्धास्त होता येत नाही. कित्येक कॅन्सर ते बनवीतच नाहीत.

सीए-१२५ ची गोष्ट निराळी. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते वाढते हे खरे, पण पोटाचे आतले अस्तरही ते बनविते. अस्तर ताणले, सुजले की आकडा चढतो, शेकड्यांत जातो; मग कारण टीबी असो की यकृत. पोटात पाणी असताना या एकट्या आकड्यावर कॅन्सर ठरत नाही.

इतर तपासण्या सोबत लागतात. रक्तातले आणि पाण्यातले अल्ब्युमिन यांत १.१ ग्रॅम किंवा अधिक फरक असला तर दोष बहुधा यकृताचा किंवा हृदयाचा. फरक कमी असला तर टीबी, कॅन्सर यांचा विचार. पाण्यात एडीए वाढले तर टीबीकडे बोट जाते. तरीही उलगडा झाला नाही तर दुर्बिणीतून अस्तराचा तुकडा काढून पाहतात.

ताईंना दुसऱ्या दिवशी ससूनला नेले. शेवटी तुकडाच काढावा लागला, आणि टीबी निघाला! सहा महिने गोळ्या, त्याही मोफत. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकारकडून महिना १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). त्यासाठी पासबुक घेऊन आम्ही दोन चकरा मारल्या, ते असो.

सर्वांचे असे होत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका घरी पाण्यात कॅन्सरच्याच पेशी निघाल्या. तेथेही गावी नेण्याची भाषा सुरू झाली होती. अंडाशयाच्या कॅन्सरला पोटात पाणी झाल्यावरही केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया करतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट एका पिशवीत न्यावेत. पाणी काढले असेल तर त्याचाही कागद मागून घ्यावा.