पाचोळ्याचा हिशेब

होळीच्या सुमारास औशाच्या शिवारात संध्याकाळी पाय मोकळे करावयास निघालेल्या माणसाला ठिकठिकाणी धूर दिसतो. कोणी बांधावरचे वाळले गवत पेटविलेले असते, कोणी ऊस गेल्यावर मागे राहिलेले पाचट. हा अडाणीपणा आहे, असा शेरा शहरातला सुशिक्षित सहज मारून जातो. शेतकऱ्याचा हिशेब मात्र साधा असतो. पाचट सरीत दाबून कुजवावयाचे तर मजुरी पडते. काडेपेटीला जवळजवळ काहीच पडत नाही. जमिनीचा कस जळतो तो आजच्या वहीत कोठेच लिहिला जात नाही; पुढे कधीतरी खताच्या बिलात तो उमटतो.

लातूर जिल्ह्यात वन नावापुरतेच आहे. एकूण क्षेत्रफळाच्या एक टक्काही ते भरत नाही. साहजिकच वणवा ही येथल्या वाचकाला दूरची बातमी वाटते. परंतु शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरच्या सागवनात, नेमका हाच हिशेब दरवर्षी मांडला जातो. किनवट तालुका 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडकडे आला आणि त्याबरोबर मराठवाड्याच्या पदरात एक खरेखुरे अरण्य पडले.

हिवाळा सरता सरता साग पानगळीस लागतो. ती रुंद, खरखरीत पाने वाळून मार्चपर्यंत जमिनीवर थर धरतात. या दिवसांत आपोआप आग लागणे विरळाच. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात, आणि त्यांमागे खोडसाळपणाहून गरज अधिक असते. मोहाची फुले पहाटे गळतात. खालचा पाचोळा जाळून जागा साफ केली की ती पटकन वेचता येतात. जळालेल्या टेंभुर्णीला विडीसाठी हवी तशी कोवळी पाने फुटतात. जळल्या जागी गुरांना ताजे गवत मिळते. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविला आहे. पण वनखाते स्वतःही उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा जाळून घेते. तेव्हा आग असावी की नसावी, हा खरा वाद नव्हेच. ती कोणी, केव्हा आणि किती जागेत लावावी, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेने फार महागात शिकून घेतले. तेथील पश्चिमेकडच्या कोरड्या पाइन वनांतून पूर्वी काही वर्षांच्या अंतराने हलकी आग फिरत असे. मूळ रहिवासीही ती हेतुपूर्वक लावीत. 1910 साली आयडाहो-मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे 30 लाख एकर वन जळाले आणि शासनाने आगीशी युद्धच पुकारले. 1935 पासून तर दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझविण्याचा दंडक झाला. तो 1978 मध्ये सोडण्यात आला, परंतु तोवर न जळलेल्या काटक्या, सुया आणि दाटीने वाढलेली रोपे यांचा ढीग साचून राहिला होता. पूर्वी बुंध्याशी विझणारी आग आता शेंड्यांवरून धावू लागली. विझविलेली प्रत्येक आग म्हणजे पुढच्या आगीसाठी साठविलेले जळण ठरले.

यावरून ‘जाळू द्या, त्यातच हित आहे’ असे म्हणण्याची घाई काही जण करतात. त्यांना आधारही सापडतो. ब्रह्मदेशातील सागवनांना आगीपासून अतिसंरक्षण दिल्याने सागाची नवी रोपे येईनाशी होतात, असा आक्षेप स्लेड या वनाधिकाऱ्याने 1896 सालीच ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये घेतला होता. पण ब्रह्मदेशाची ती वने ओली आणि किनवटचे वन कोरडे. शिवाय साग म्हणजे पाइन नव्हे. पाइनची सुई कुजावयास दीर्घ काळ लागतो. सागाच्या पानाचा बराचसा भाग एका पावसाळ्यात वाळवी आणि बुरशी फस्त करतात. येथे दर उन्हाळ्यात पेटते ते मुख्यतः त्याच सालचे जळण असते. (घाणेरी माजलेली असेल तर गोष्ट वेगळी.) दरवर्षीच्या आगीत थोराड साग जाड सालीमुळे निभावून जातो, रोप मात्र करपते, पावसात मुळापासून पुन्हा फुटते आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा करपते. मुळाचे वय वाढत जाते, झाडाची उंची वाढत नाही.

म्हणून पाचोळा आगीच्या आधी गोळा करणे, हाच मार्ग शिल्लक राहतो. आणि येथे प्रश्न वनशास्त्राचा उरत नाही, मजुरीचा होतो. उत्तराखंड सरकारने मे 2024 मध्ये चीडवृक्षाच्या वाळक्या सुयांना, म्हणजे पिरुलला, किलोमागे 50 रुपये देण्याची घोषणा केली. अगोदरचा दर इतका अल्प होता की डोंगर चढून पाठीवर भारा आणणे कोणाला परवडत नव्हते. किनवटच्या सागपानाला असा दर कोणी जाहीर केलेला नाही. टेंभुर्णीची झुडपे विळ्याने छाटली तरी तशीच कोवळी पाने फुटतात, पण छाटणीला दिवस लागतात आणि त्या दिवसांचे पैसे ठेकेदाराच्या दरात धरलेले असले पाहिजेत. मोहाखाली जुनी लुगडी वा जाळी अंथरली तर आग न लावताही फुले वेचता येतात. मात्र एकेका घराची झाडे अनेक असतात आणि लुगडी मोजकीच. पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाईजवळ काडेपेटी असतेच. जाळीचे पैसे कोणी द्यावयाचे, हे अजून ठरलेले नाही.