देशविचार : श्रीवर्धनच्या संदर्भात
आयुर्वेदाने जांगल, आनूप व साधारण असे तीन देश मानले आहेत. चरकसंहितेच्या कल्पस्थानात त्यांचे वर्णन करताना वृक्ष, जल व पशुपक्षी यांच्यासह तेथील मनुष्यांची शरीरेही सांगितली आहेत. विमानस्थानात रुग्णाच्या भूमीची परीक्षा करताना तेथील लोकांचा आहार, विहार व आचार पाहावयास सांगितला आहे. म्हणजे देश हा केवळ मातीचा नव्हे, राहणीचाही विचार होय.

समुद्रकाठचे श्रीवर्धन स्थूलमानाने आनूप, म्हणून वातकफप्रधान. परंतु रोठा सुपारीच्या वाडीत सावलीत वावरणारा बागायतदार, खाऱ्या वाऱ्यात मासेमारी करणारा कोळी आणि डोंगराच्या कातळावर उन्हात राबणारा मजूर यांचा देश एकच कसा मानावा? 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने येथील वाड्या मोडल्या. सावली गेली, उपजीविकाही गेली. समुद्र तोच राहिला, बागायतदाराचा देश मात्र पालटला.

म्हणून केसपेपरवर केवळ गाव न लिहिता वस्ती, व्यवसाय व नित्याचा आहारही नोंदवावा, असे आम्ही सुचवितो. औषधिसंग्रहासाठी चरकाचार्यांनी साधारण व जांगल देश प्रशस्त मानले आहेत. तेव्हा फार्मसीचालकांनीही वनस्पती खरेदी करताना ती कोणत्या भूमीतील, हे अवश्य विचारावे.