कारणाचा रकाना

सकाळी सहा. घरातली माणसं उठायच्या आत मी गोष्टी वाचायला बसते. राहते पुण्यात आणि काम करते एका इंग्रजी मासिकाचं. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा छापणारं हे मासिक. बाकीचे संपादक अमेरिकेत आणि इंग्लंडात. या वेळेला इंग्लंडातले झोपलेले असतात आणि अमेरिकेतले दिवसाचं काम आटोपून बसलेले, त्यामुळे कोणाचा निरोप येत नाही आणि सलग वाचन होतं. रात्रभरात आलेल्या गोष्टी रांगेत लागलेल्या असतात. आमच्याकडे नाव झाकून वाचायची पद्धत आहे. लेखकाचं नाव, देश, आधीचं छापील साहित्य, सोबतचं पत्र, काहीच दिसत नाही. दिसतो तो मजकूर आणि एक क्रमांक.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नाव घेतलं होतं आणि हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात पाठवली होती. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक झुकू नयेत, एवढाच त्यामागे हेतू. ज्या नावांना वजन नाही त्यांना तर ही आडोशाची गरज कितीतरी जास्त. आडनाव वाचून माणूस कुठला, कोणत्या घरातला हे ताडणारे लोक जगभर आहेत. आपल्याकडे ते कोणाला शिकवावंही लागत नाही.

पण नाव झाकलं म्हणून भागत नाही. पात्रं कशी झाकणार? त्यांची वस्ती, त्यांचं जेवण, त्यांची भीती, हे सगळं गोष्टीत उघडं असतं आणि वाचणाऱ्याच्या मनातली अढी नेमकी तिथे अडते. म्हणून मी आमच्या यादीत एक रकाना वाढवून घेतला: नकाराचं कारण, पान क्रमांकासकट. काही सहकाऱ्यांना तो जाच वाटतो. मला तो या कामाचा गाभा वाटतो. कारण सबंध आठवड्याचे नकार एकाखाली एक वाचले की एकच वाक्य वेगवेगळ्या अंगाने येताना दिसतं. गोष्ट चांगली आहे, भाषा सुरेख आहे, पण पात्र जवळचं वाटत नाही.

या वाक्याला मोठा इतिहास आहे. सॅम्युएल डिलेनी हे कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक 1967 साली पंचविशीत होते आणि त्यांना नेब्युला पुरस्कार मिळालेला होता. त्यांची ‘नोव्हा’ ही कादंबरी क्रमशः छापण्यासाठी ‘ॲनालॉग’ मासिकाकडे गेली. तिचा नायक बत्तिसाव्या शतकातला अवकाशयानाचा कप्तान, आई सेनेगलची, बाप नॉर्वेच्या वंशाचा. संपादक जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी डिलेनींच्या एजंटला फोन केला. कादंबरी त्यांना आवडली होती. मात्र आपल्या वाचकांना कृष्णवर्णीय नायक आपलासा वाटेल असं त्यांना वाटत नव्हतं. डिलेनींनी 1998 साली एका निबंधात हे सगळं लिहून ठेवलं. शिवीगाळ नाही, आवाज चढवणं नाही. कौतुक केलं आणि वाचकांच्या नावावर दार लावून घेतलं. या क्षेत्रातला पूर्वग्रह बहुतेक वेळा असाच बोलतो, सभ्यपणे आणि दुसऱ्याच्या वतीने. त्याच्याशी भांडायचं तर सभा घेऊन भागत नाही. एकेक नकार काढून, पान उघडून विचारावं लागतं, की नक्की काय जवळचं वाटलं नाही?

साडेआठ ते साडेनऊ डबे, दूधवाला, मुलीची शाळा.

साडेनऊला छपाईला जाणाऱ्या गोष्टींचं संपादन. आज हातात एका अमेरिकन लेखकाची चांगली बांधलेली गोष्ट आहे, गुरूच्या चंद्रावरच्या बर्फाखालच्या समुद्रातली. पाणबुडीवर सहा माणसं आहेत. त्यातल्या दोघांच्या कातडीचा रंग सांगितलाय: एकीचा दालचिनीचा, एकाचा कॉफीचा. उरलेल्या चौघांना रंगच नाही. म्हणजे ते गोरे आहेत, हे लेखकाने न सांगता वाचकाने समजून घ्यायचं. मी समासात लिहिलं, ‘कप्तानाची कातडी कोणत्या रंगाची?’ आणि खाली आणखी एक ओळ, ‘सहाही जणांचा सांगा किंवा कोणाचाच नको. आणि माणसाला खाण्याच्या पदार्थाचा रंग देऊ नका.’ हा प्रश्न मी पुष्कळांना विचारते. राग येतो तो थोड्यांना. बहुतेकांनी त्या बाजूने कधी पाहिलेलंच नसतं, आणि एकदा पाहिलं की पुढच्या गोष्टीत ती चूक राहत नाही.

अकरा वाजता मुखपृष्ठाचं कच्चं रेखाटन आलं. गोष्ट कोकणातल्या खाडीकाठच्या एका मुलीची आहे, जिला बुडालेल्या गावांचे आवाज ऐकू येतात. गोष्टीत ती काळी आहे, स्पष्ट लिहिलंय. चित्रात दोन छटा उजळली आहे आणि नाक धारदार झालंय. चित्रकार गुणी आहे, त्याच्या मनात वाईट काही नाही. पण अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या बाबतीतही कोणाच्या मनात वाईट नसेल. ‘अर्थसी’ मालिकेचं पहिलं पुस्तक 1968 सालचं. त्यातला नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा, आणि तिथली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी. तरी मुखपृष्ठांवर तो वर्षानुवर्षं गोरा होत राहिला. 2004 साली दूरदर्शन मालिका निघाली तीही गोऱ्या नटाला घेऊन. ले ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिलं. एवढ्या मोठ्या लेखिकेचं जिथे चाललं नाही तिथे पहिलीच गोष्ट छापून येणाऱ्या मुलीचं कोण ऐकणार? त्यामुळे ते बोलण्याचं काम माझ्याकडे येतं. मी चित्रकाराला गोष्टीतला परिच्छेद पुन्हा पाठवला, सोबत खाडीवर कालवं काढणाऱ्या बायकांची चार छायाचित्रं. तासाभरात त्याचं उत्तर आलं: नवं रेखाटन शुक्रवारी देतो.

दुपारी करार आणि पैसे. हे काम कोणाला साहित्यिक वाटत नाही, पण अन्याय इथेही मुरलेला असतो. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने व्यावसायिक मासिकासाठी किमान दर शब्दामागे 8 सेंट ठरवलाय. पाच हजार शब्दांचे 400 डॉलर. लेखक ओहायोत असला तर ते पाच मिनिटांत पोचतात. नायजेरियात असला तर मासिकांच्या आवडीची पेपालची सोय तिथे चालत नसे. अनेक वर्षं नायजेरियन खात्यांना त्यावरून पैसे पाठवता येत, घेता येत नसत. मग बँकेची साखळी, मधल्या बँकेची कापाकापी, दहा पत्रं. या कटकटीला कंटाळून एखादं मासिक त्या देशातल्या गोष्टींकडे कमी वळतं आणि ते कुठल्याही नियमात लिहिलेलं नसतं. आजचं लागोसचं पेमेंट मी तिसऱ्या मार्गाने पाठवलं आणि मधला खर्च मासिकाच्या खाती टाकला. लेखकाच्या पैशातून एक सेंटही कापायचा नाही, हे मी आधीच ठरवून घेतलंय.

चार वाजता फोन. आज ज्याचा विचार सकाळपासून मनात होता तो हा फोन. एका गोष्टीवर दोन नकार आले होते. तपशील थोडे बदलून सांगते. एका लघुग्रहावर बर्फाची खाण आहे. हवा शुद्ध करणाऱ्या गाळण्या साफ करायचं काम तिथे तीन पिढ्या त्याच चार घरांकडे आहे. करारात तसं कुठेच म्हटलेलं नाही. प्रत्येक वेळी नेमणुकीत तीच नावं येतात. नवव्या पानावर मुकादम पाळी बदलताना सगळ्यांना हेल्मेट हातात देतो. त्या चार घरांतल्या एका मुलीचं हेल्मेट मात्र तो जमिनीवर ठेवतो आणि एक पाऊल मागे सरतो. ती वाकून उचलते. लेखकाने एवढंच लिहिलंय, पुढे खुलासा नाही.

सिएटलच्या वाचकाने रकान्यात लिहिलं होतं: मुकादम असा का वागतो ते कळत नाही, स्पष्टीकरण हवं. आपल्याकडच्या वाचकाने लिहिलं होतं: अवकाशात जात पोचेल हे पटत नाही, ओढूनताणून वाटतं. हा मुलगा नागपूरचा, इंजिनिअर, विनामोबदला आमच्यासाठी वाचतो आणि मनापासून वाचतो.

‘ताई, गोष्ट वाईट आहे असं मी म्हटलंच नाही,’ तो म्हणाला. ‘पण तीनशे वर्षांनी जात उरेल का?’

‘त्या खाणीत वशिला उरलाय ना? मालकाचा जावई मॅनेजर आहे. ते पटलं तुला?’

‘हो.’

‘हुंडाही उरलाय. सहाव्या पानावर. त्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस.’

तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आमच्या घरी असलं काही नव्हतं, ताई. कधी पाहिलं नाही.’

‘तुझ्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या बाईला पाणी कशातून देतात?’

बराच वेळ फोनवर काही आवाज आला नाही. शेवटी तो म्हणाला, ‘पुन्हा वाचतो.’ मी त्याला चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने 2024 साली काढलेल्या जातिविरोधी विज्ञानकथांच्या संग्रहाबद्दल सांगितलं, आणि मिमी मंडलबद्दल. मिमी मंडल दलित आहेत, कोलकात्याच्या. विज्ञानकथा-लेखिका ऑक्टेव्हिया बटलरवरच्या पुस्तकाच्या सहसंपादक म्हणून 2018 साली त्यांना विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्काराचं नामांकन मिळालं, ते मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय. भारतीय विज्ञानकथेला बाहेर मान मिळाला की आपल्या वर्तमानपत्रांना अभिमान वाटतो. मग हे नाव मराठीत इतकं कमी ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं.

सिएटलच्या सहकाऱ्याला वेगळं पत्र लिहिलं. त्याला दिसलं नाही हा त्याचा दोष नाही. पण ज्यांना दिसतं असे लाखो वाचक आहेत आणि गोष्ट त्यांच्यासाठीही लिहिलेली आहे. ज्याला कळलं नाही त्याने थोडं थांबावं. आजवर दुसऱ्यांच्या गोष्टी वाचताना आपण सगळे तेच तर करत आलो.

सहाला एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. विज्ञानकथा विभागासाठी नवी नावं हवी होती. ‘विज्ञानाची पदवी असलेलं कोणी सुचवा,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘सर, पदवीची अट कशाला?’ मराठी विज्ञानकथा वैज्ञानिकांनी उभी केली, नारळीकर आणि बाळ फोंडके हे दोघेही संशोधक, आणि त्यांचं ऋण मोठंच आहे. पण त्यातून एक सवय पडली, की प्रयोगशाळेत जो पोचला तोच ही कथा लिहिणार. प्रयोगशाळेत कोणाची मुलं पोचली हे आपण सगळे जाणतो. मी दोन नावं दिली. एक बाई पाणीपुरवठा खात्यात कारकून आहेत, एक तरुण ट्रॅक्टर दुरुस्त करतो. सरांनी दोन्ही लिहून घेतली आणि गोष्टी पाहायच्या कबूल केल्या.

साडेआठला बैठक, न्यूयॉर्कला सकाळचे अकरा, लंडनला दुपारचे चार. विषय यंत्राने लिहिलेल्या गोष्टींचा. फेब्रुवारी 2023 मध्ये अशा गोष्टींचा लोंढा आला तेव्हा ‘क्लार्क्सवर्ल्ड’ मासिकाला काही काळ गोष्टी घेणंच थांबवावं लागलं होतं. आमच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, काही देशांतून येणारा मजकूर थोडे दिवस बंद ठेवू. देशांची यादी त्याने वाचली. तीत भारत होता, नायजेरिया होता, पाकिस्तान होता. मी म्हटलं, खोटं पाठवणाऱ्याला वाट बदलायला दोन मिनिटं लागतात. अडकेल तो खरा लिहिणारा. मग 2016 सालचा ‘फायरसाइड’ मासिकाचा अहवाल पुढे ठेवला: 2015 सालात 63 मासिकांत 2039 गोष्टी छापल्या गेल्या, त्यात कृष्णवर्णीय लेखकांच्या 38. हा आकडा कोणी बंदी घालून आलेला नव्हता. बंदी घातल्यावर किती उरतील? लंडनच्या संपादिकेने मला दुजोरा दिला. यादी बारगळली, तपासणीसाठी आणखी दोन वाचक घ्यायचे ठरले. वाचक वाढवायला पैसे लागतात, म्हणून ही लढाई पुढच्या तिमाहीत पुन्हा होणार आणि मी पुन्हा हेच आकडे घेऊन बसणार.

दहाला एका संमेलनाच्या आयोजकांना उत्तर लिहिलं. परिसंवादाचा विषय पुरस्कारांचा इतिहास, आणि त्यांची विनंती होती की लव्हक्राफ्टचा वाद टाळावा, वातावरण बिघडतं. जागतिक फँटसी पुरस्काराची मूर्ती म्हणजे चाळीस वर्षं भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्टचं डोकं होतं. कृष्णवर्णीयांबद्दल त्याने किती किळसवाणं लिहिलंय हे 2011 साली तो पुरस्कार मिळालेल्या लेखिका नेडी ओकोराफोर यांना नंतर समजलं, आणि आपल्याच घरात ते डोकं ठेवताना काय वाटतं हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. 2015 साली ती मूर्ती बंद झाली. हे सोडून पुरस्कारांचा इतिहास कसा सांगणार? मी तसं कळवलं, नम्रपणे. विषय टाळायचाच असेल तर माझ्या जागी दुसऱ्या कोणाला बोलवा.

साडेदहाला नागपूरच्या मुलाने रकाना बदललेला दिसला. जुनं कारण त्याने खोडलं नव्हतं, त्याखाली नवं लिहिलं होतं: ‘नववं पान आता कळलं, ते हलवू नये. पण शेवट घाईत उरकलाय. मुकादमाला शिक्षा होते ती फार सोपी.’ हे त्याचं म्हणणं खरं आहे, मलाही शेवट तसाच वाटला होता. मी नकार काढून पुनर्लेखनाची खूण केली आणि लेखकाला पत्र लिहायला घेतलं. शेवटच्या तीन पानांना अजून वेळ द्या, मुकादमाला इतक्या लवकर सोडू नका, आणि हेल्मेटचा प्रसंग आहे तसाच ठेवा. कोणी खुलासा मागितला तरी देऊ नका.