आयत्या वेळचे विषय

आपल्याकडच्या कोणत्याही संस्थेची विषयपत्रिका घ्या. पहिले कलम मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्याचे असते आणि शेवटचे ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांवर विचार करणे’ हे. मधली आठ-दहा कलमे वीस मिनिटांत हातावेगळी होतात. पुढचे दोन तास, आवाज चढणे, खुर्च्या सरकणे, कुणीतरी रागाने चपला घालून निघून जाणे, हे सगळे या शेवटच्या कलमाखाली घडते. इतिवृत्तात मात्र त्याची एकच ओळ उतरते.

सभा भरवणे सोपे आहे. सतरंजी, माइक, चहा यांची सोय झाली की सभा होते. ती चालवणे हे वेगळेच काम, आणि ते कुणी कुणाला शिकवत नाही. मी बँकेत असताना आमच्या कामाला निदान एक शिस्त होती. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर कुणी घरी जात नसे. दहा रुपयांचा फरक असला तरी सगळी व्हाउचरे पुन्हा उपसायची. चर्चेचा असा ताळेबंद नसतो. कुणाचे बोलायचे राहिले, कुणाला जास्त दिले गेले, हे न जुळवताच दिवे मालवले जातात.

याचे मोठे उदाहरण म्हणजे सुरत. १९०७ सालची काँग्रेस. अधिवेशन नागपूरला व्हायचे होते. तिथे टिळकांच्या पक्षाचा जोर, म्हणून ते सुरतेला हलवले गेले. २६ डिसेंबरला अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोष यांच्या नावाची सूचना आली. तिच्या समर्थनासाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले आणि गोंधळात सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली. अनुमोदन झाल्यावर मला तहकुबीची सूचना मांडायची आहे, माझे नाव पुकारावे, एवढाच तिचा आशय. उत्तर आले नाही. आठवण करून दिली, तरीही नाही. निवड झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा टिळक व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. तुमची सूचना नियमाबाह्य आहे, असे त्यांना सांगण्यात आले. मी प्रतिनिधींना विचारीन, असे त्यांचे म्हणणे. मग तो प्रसिद्ध जोडा आला. तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. खुर्च्या-काठ्या चालल्या आणि शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ साली, लखनौला.

जोड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. माझे लक्ष मात्र त्या चिठ्ठीवर खिळते. राजकारण मोठे होते, मतभेद खरे होते, एका चिठ्ठीने ते मिटले असते असे मी म्हणत नाही. पण ‘नाही’ एवढे तरी उत्तर द्यायला काय हरकत होती? नकार मिळालेला माणूस भांडतो. उत्तरच न मिळालेला माणूस व्यासपीठावर चढतो.

उलट टोकाचे उदाहरण घटना समितीचे. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. मसुदा आंबेडकरांचा, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती ऐकून घेऊन उत्तर द्यायचे बहुतेक वेळा त्यांनीच, आणि प्रकृती ठीक नसताना. एखादा असता तर वैतागून गेला असता. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू अशा बंडखोर सभासदांची नावे घेऊन आभार मानले. त्यांच्या सगळ्या सूचना मान्य करता आल्या नाहीत, हेही सांगितले. हे लोक नसते तर कामकाज नीरस झाले असते, असा त्यांचा सूर होता. सभेतल्या हरकतखोराकडे असे पाहणे फार थोड्यांना जमते. मला ते जमले नाही.

आणि खुर्चीवर बसणाऱ्याचीही परीक्षा व्हावी लागते. मूळचे कोकणातल्या घराण्यातले, गुजरातेत वाढलेले गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले सभापती. १९५४ च्या डिसेंबरात त्यांनाच दूर करण्याचा ठराव आला. तो चर्चेला आला तेव्हा ते खुर्चीवर नव्हते, उपसभापती अय्यंगार होते. ठराव नामंजूर झाला. पण मांडू दिला गेला, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या गृहनिर्माण संस्थांत चेअरमनवर कुणी बोट ठेवले की तो विषय पुढच्या सभेत घेऊ, असे चेअरमनच सांगतात.

आता माझे. निवृत्तीनंतर अकरा वर्षे मी आमच्या गावातल्या एका वाचनालयाची मासिक चर्चा चालवली. दर महिन्याला एक पुस्तक. पंचवीस-तीस माणसे येत. मी पाच मिनिटांची मर्यादा घातली, टेबलावर घंटी ठेवली. घंटीचा उपयोग शून्य. ज्यांच्यासाठी ती ठेवली त्यांना ती ऐकू येत नसे आणि जे आधीच दबून बोलत ते घंटीकडे नुसती नजर गेली तरी खाली बसत. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. विषय कुठलाही असो, त्यांची गाडी ज्ञानेश्वरांपासून निघायची. त्यांना थांबवणे मला कधी साधले नाही. वय, पांढरे केस, शिवाय ते छान बोलत, हे कबूल केले पाहिजे.

एकदा दुष्काळी भागातल्या एका वस्तीवरची कादंबरी घेतली होती. भाषा खरी की बेतलेली यावर दोघांची जुंपली. दोघेही कधी त्या मुलखात गेलेले नव्हते. मुख्याध्यापकांनी तोल सावरायला म्हणून बारा मिनिटे घेतली. मीही कादंबरीकार ना, मग मला राहवले नाही. कादंबरीत बोली किती आणावी यावर मी समारोपात चांगली दहा मिनिटे घालवली. मध्येच मागून कुणीतरी हातोहात एक चिठ्ठी पुढे पाठवली. वेळ संपत आली होती. मी ती न उघडता खिशात टाकली. आभार झाले, चहा झाला.

रात्री सदरा धुवायला टाकताना ती सापडली. वहीचा चौकोनी तुकडा, बायकी अक्षर. ‘मला दोन मिनिटे मिळावीत. मी त्या वस्तीवर वाढले.’

मागच्या खिडकीपाशी बसणारी ती बाई. सात-आठ महिने नियमाने आली होती, एकदाही बोलली नव्हती. पुढच्या महिन्यात मी सभेआधीच तिला शोधले. आली नव्हती. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. ग्रंथपालांनी रजिस्टर पाहून सांगितले, अनामत परत घेऊन गेल्या, पुस्तके सगळी जमा आहेत. पत्ता होता. मी गेलो नाही. काय सांगायला जाणार होतो? घंटी वाजण्याआधीच तुमची वेळ संपली, हे?

ती चिठ्ठी मी इतिवृत्ताच्या वहीत, त्या सभेच्या पानाशी ठेवली. पान माझ्याच अक्षरातले आहे: ‘चर्चेत अनेकांनी भाग घेतला. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’ खाली पुढच्या महिन्याची तारीख, आणि शेरा: वाचून एकमताने कायम.