हडसनपलीकडचा कर

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहून मॅनहॅटनमध्ये नोकरी करणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत. अशा अनिवाशांना न्यूयॉर्क राज्य फक्त तिथल्या कमाईपुरताच कर लावते, हा समज अर्धाच खरा. आधी सगळ्या उत्पन्नावर, जणू ते न्यूयॉर्कचेच रहिवासी, असा कर काढतात. मग तिथल्या उत्पन्नाच्या प्रमाणात त्याचा हिस्सा घेतात. म्हणजे हिस्सा लहान, पण दर मात्र पूर्ण उत्पन्नाचा.

समजा, पती-पत्नींना प्रत्येकी १ लाख डॉलर पगार आहे. नोकरी पत्नीची न्यूयॉर्कची, पतीची न्यू जर्सीची. पत्नीने २४० पैकी १४४ दिवस न्यूयॉर्कमध्ये काम केले, तर तिथले उत्पन्न ६० हजार, हिस्सा ३० टक्के. पण उरलेले ९६ दिवस स्वतःच्या सोयीसाठी घरून काम केले असेल, तर तेही न्यूयॉर्कचेच धरतात. हिस्सा ५० टक्के होतो. कनेक्टिकटमधल्या घरून काम करणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की या नियमाविरुद्ध लढले आणि २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात हरले.

न्यू जर्सी या कराची सूट देते, पण स्वतःच्या कराच्या मर्यादेतच. तेव्हा किती दिवस घरून काम केले, याइतकीच ते कोणाच्या गरजेने केले, याचीही नोंद ठेवावी.